पेटी आधी गेली

आमच्याकडे माणूस दूरच्या प्रवासाला निघायचा असला आणि जायचा दिवस वाईट पडत असला, तर त्याच्या आधी त्याचं सामान निघतं. चांगला दिवस पाहून एखादं गाठोडं घरातून उचलायचं, प्रवासाच्या दिशेला चार घरं सोडून कुणाकडे तरी नेऊन ठेवायचं आणि म्हणायचं, झालं, माणूस निघाला. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. मग तो माणूस खुशाल घरात लोळत पडला तरी चालतं, रीतीप्रमाणे तो गेलेला. खरोखर जाताना वाटेत ते गाठोडं उचलायचं. फक्त एक करायचं नाही. ते परत घरात आणायचं नाही. आणलं की प्रवास मोडला.

मी नागपूरला शेतकी शिकलेला. असल्या गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण माझं विलायतेला जाणं शेवटी याच गोष्टीवर येऊन ठेपलं, त्याला मी तरी काय करणार?

वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. आमचं खेडं रिसोडहून शिरपूरला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, काळ्या मातीत रुतून बसलेलं. पावसाळा लागला की तिथं बाहेरची मोटर येत नसे आणि आतला माणूस शहाणा असेल तर बाहेर जात नसे. वडील मी लहान असताना गेले. त्यानंतर शेत मायनं केलं. एक सालदार होता, एक बैलजोडी होती, आणि मायची जीभ होती. त्या जिभेच्या धाकानं सालदारही चाले आणि बैलही चालत. भाऊबंदांनी धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरायचा प्रयत्न एकदाच केला. माय विळा घेऊन धुऱ्यावर जाऊन बसली आणि दिवसभर तिथंच निंदत राहिली. कुणाला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी धुरा होता तिथं परत आला.

अशा बाईला सांगायचं होतं की, मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आहे, मातीचा अभ्यास करायला इंग्लंडला बोलावलंय, आणि तीन वर्षं तू एकटी राहशील.

मी सांगितलं तेव्हा ती सूप घेऊन डाळ निवडत होती. निवडतच राहिली.

"किती वरीस?"

"तीन."

"माती पाह्याले तीन वरीस लागतेत? इथं काय कमी माती हाये?"

मी चिडलो. माझा स्वभावच तसा, भाकरी तव्यावर पडायच्या आत फुगणारा. मी म्हणालो, "तुले नको असन तं नाही जात. तू जा म्हनशीन तरच जाईन. नाही तं हा कागद चुलीत टाक."

मला वाटलं होतं, कागद चुलीत टाक म्हटल्यावर कुठलीही माय म्हणेल, असं कसं बापू, जाय तू. माझी माय म्हणाली, "पाहू."

हे 'पाहू' आषाढापासून भाद्रपदापर्यंत चाललं. तिकडे पासपोर्ट आला, जहाजाची जागा ठरली. इकडे पाहू. सगळं गाव मात्र विलायतेच्या तयारीला लागलं होतं. पाणवठ्यावर बाया मायला म्हणत, "पाहाय व, पोट्टं मडमीन घेऊन येईन. तुले चहा बशीत नाही, कपात देईन ते." माय घागर उचलत म्हणायची, "येईना का. निंदाले एक हात वाढन."

आणि मजा अशी की, 'जा' म्हणत नव्हती, पण बांधाबांध सगळी तीच करत होती. रिसोडच्या बाजारातून पत्र्याची हिरवी पेटी आणली. मूगवड्या घालून वाळवल्या. जवसाची चटणी कुटली, ती बरणीत दाबून भरली, बरणीच्या तोंडाला मेण लावलं, वर फडकं, फडक्यावर सुतळी. जहाजात डुकराचं मांस देतात हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून सातूचं पीठ एवढं दिलं, की मी एकट्यानं ते संपवायचं म्हटलं असतं तर जहाजाला परत यावं लागलं असतं. मी म्हणायचो, "माय, कपडे कुठं ठेवू?" ती म्हणायची, "कपडे अंगावर असतेत."

कपड्यांचं म्हणाल तर कोट आमच्या शेजारच्या शिंपीकाकांनी शिवला. त्यांचं घर आमच्या घराच्या मावळतीला, तीन घरं टाकून. आयुष्यभर त्यांनी बंड्या आणि सदरे शिवले होते. लोकरीचं कापड हातात घेऊन ते दोन दिवस नुसते बसून राहिले. मग त्यांनी कोट शिवला. चांगला शिवला. फक्त आतून बंडीसारखा एक चोरखिसा ठेवला, पार बगलेत. "परमुलूख हाये," ते म्हणाले. लंडनमध्ये त्या खिशातून काही काढायचं झालं की मला भर रस्त्यात अर्धा कोट उतरवावा लागे.

तर जहाजाची तारीख पडली पितृपक्षात. मायनं ते ऐकलं आणि सूप खाली ठेवलं.

"पितरपाठात कोनी निघते का?"

"माय, जहाज इंग्रजांचं हाये. त्यांच्यात पितरं नसतेत."

"त्यांच्यात नसतीन. तुह्यात हायेत. तुहा बाप हाये."

गावच्या जोशीबुवांकडे गेलो. त्यांनी पंचांग काढलं, बोटांवर मोजलं आणि पहिला प्रश्न मलाच विचारला, "इंग्लंड कोन्या दिशेले?" मी म्हणालो, मावळतीला. ते म्हणाले, मग गणपती आहेत तोवरच मावळतीच्या कुठल्याही घरी प्रस्थान ठेवा. मावळतीला विश्वासाचं घर म्हणजे शिंपीकाकांचंच. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती, पण बाळंतपण दिवाळीच्या सुमाराला. तोवर मी कुठल्या कुठे गेलेलो असणार.

मायनं पेटी भरली. माझे चांगले सदरे, कोट, दाढीचं सामान, पुस्तकं, चटणी, मूगवड्या. अगदी वर एका फडक्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधून ठेवले. मग झाकण लावायच्या आधी माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे पाहाय बापू. पेटी बाहेर ठेवली म्हून म्या तुले जा म्हटलं असं नाही. माह्यं मन नाही मानलं तं पेटी म्या वापस आनीन. मंग तू जायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हणालो. शब्द माझाच होता.

पेटी शिंपीकाकांच्या माजघरात जाऊन बसली आणि माझे हाल सुरू झाले. मायचा नियम कडक. पेटीतलं जे काही आहे ते प्रस्थानाचं, ते आमचा उंबरा ओलांडून आत येणार नाही. म्हणजे दाढी करायची तर शिंपीकाकांकडे. बरा सदरा घालायचा तर तिथं जाऊन घालायचा, तिथंच काढून ठेवायचा. घरी मी वडिलांचं जुनं धोतर नेसून, बाह्या उसवलेल्या सदऱ्यात बसायचो. सकाळी सकाळी शिंपीणकाकू मला दारात पाहिलं की म्हणायच्या, "आले का विलायतहून? बसा, पानी देते." एकदा तर त्यांनी खरंच लोटा दिला पाय धुवायला.

ते एक वेळ हसण्यावारी नेता आलं असतं. घरात जे चाललं होतं ते मला हसण्यावारी नेता येईना. पेटी गेली त्या दिवसापासून मायनं मला काम सांगणं बंद केलं.

कामाशिवाय माय माझ्याशी कधी बोललीच नव्हती. पाणी आण, वासरू सोड, कुडाचं भोक बुजव, असं बसून काय राह्यला. माझं सगळं बालपण आज्ञार्थात गेलेलं. आता ती माझ्यासमोरून घागर घेऊन जायची. मी म्हणायचो, दे, मी आणतो. ती म्हणायची, "राहू दे. गेलेल्या मानसाले काम सांगत नाही." सालदाराशी मुगाच्या शेंगांचं, फवारणीचं, बैलाच्या खुराचं सगळं बोलायची आणि मी शेजारी बसलेलो असायचो, शेतकीची पदवी घेऊन. मला एका शब्दानं विचारायची नाही. जेवायला मात्र पाटावर बसवायची, पाहुण्यासारखं. वरून तूप. आमच्याकडे तूप पाहुण्याला.

एकदा मी भडकलो. "माय, म्या अजून अथीच हाये ना व!"

"हायेस," ती म्हणाली. "मी पाहून राह्यली, तू नसल्यावर कसं होते ते."

मी विचारलं, "मंग? कसं होते?"

ती उठून गेली. भांडी घासायचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता. मी समजलो. गावात मी कुणाला सांगितलं नाही, पण मनाची तयारी करायला लागलो, की पेटी परत येणार. खरं सांगू? मला राग आला नाही. वाईट वाटलं, आणि तिच्यापेक्षा जास्त स्वतःबद्दल वाटलं. मला जायचं होतं. फार जायचं होतं.

त्यात रिसोडच्या टपालकचेरीतून तार आली. जहाज लांबलं. नवी तारीख दसऱ्याच्या पुढे, पक्की नाही, कळवू. तार वाचून दाखवल्यावर माय म्हणाली, "पाहाय. जहाजाचं बी मन मानून नाही राह्यलं."

पितृपक्ष संपत आला होता. बाजाराच्या दिवशी मी छकडा घेऊन रिसोडला गेलो, तारखेचं काही आलं का पाहायला. काही आलं नव्हतं. दुपार कलल्यावर परत आलो, तर शिंपीकाकांच्या दारात बायांची गर्दी. त्यांची लेक आठवड्यापूर्वीच माहेरी आली होती, आणि दिवाळीची वाट न पाहता त्याच दिवशी बाळंत झाली होती. मुलगी. शिंपीकाका अंगणातल्या बाजेवर बसले होते, मला पाहून उठले आणि घाईनं म्हणाले, "पेटी नाही बापू अथी. सोयर लागलं ना घराले. सोयरात परस्थान कसं ठेवाव? माह्या घरचीनं तुह्या मायले हाक मारली. तुही माय पेटी घेऊन गेली."

सोयर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. त्या घरात प्रस्थान राहू शकत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. रस्त्यावर ठेवता येत नाही हेही ठाऊक होतं. उरलं काय? तीन घरं टाकून आमचं घर.

मी छकडा तिथंच सोडला आणि चालत घरी गेलो. ती तीन घरं मला अजून आठवतात. संपलं, मी स्वतःशी म्हणत होतो. बरं झालं. एकदाचा निकाल लागला. उद्या बैलांसाठी मुगाचं कुटार भरायचं. शिष्यवृत्तीवाल्यांना चार ओळी खरडायच्या, की घरगुती अडचणीमुळे.

घराला कडी होती. कडी काढून आत गेलो. ओसरीवर पेटी नाही. माजघरात नाही. देवाजवळ नाही. चुलीवर झाकून ठेवलेल्या भाकरी होत्या. मागच्या दारी गोठ्यात सालदार बैलासाठी दावं वळत बसला होता. मी विचारलं, "माय कुठं गेली?"

"शिरपूरले."

"शिरपूरले? कायले?"

"आता मले काय माहीत? डोक्शावर पेटी घेऊन गेल्या. म्या म्हटलं मी घेतो, तं माह्यावरच खेकसल्या. छकडा तं तुमी नेला."

शिरपूर म्हणजे मायचं माहेर. माझे मामा तिथं राहत, जैन मंदिराच्या अलीकडे. आमच्या गावापासून अडीच कोस वाट, आणि भाद्रपदातली वाट. काळी माती पायाला अशी धरते की दर दहा पावलांना काठीनं पाय खरडावा लागतो. मी पळालो. चपला हातात घेतल्या आणि पळालो.

नाल्याच्या पलीकडे ती दिसली. लुगड्याचा काचा वर खोचलेला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ती हिरवी पेटी. एका हातानं पेटी धरलेली, दुसरा हात तोल सावरायला बाजूला. पिंढऱ्यांपर्यंत चिखल. त्या पेटीत माझी इंग्रजी पुस्तकं होती, वर सातूचं पीठ. मला ती पेटी दोन्ही हातांनी उचलताना धाप लागत असे.

"माय, थांब! दे ती इकडे."

ती थांबली नाही. "हात लावू नको. तू गेला हायेस."

"कायचा गेलो व! दे म्हनतो ना!"

"पडन पेटी. बाजूले चाल."

मी बाजूनं चालू लागलो. काय करणार? नुसता चिखलाचा आवाज. मग मला राहवेना.

"घरी काहून नाही नेली?"

"घरी नेली असती तं तुह्यं जानं मोडलं असतं."

"मंग तेच तं तुले पाह्यजे होतं."

"होतं," ती म्हणाली. सरळ म्हणाली, पुढं पाहत. "खोटं कायले बोलू? शिंपिनीनं हाक मारली तवा मले बरंच वाटलं. म्हटलं, देवानंच सोय केली. पेटी डोक्शावर घेतली आन् घराकडेच निंगाली. दारापोत गेली म्या."

"मंग?"

"मंग मनात आलं, ही पेटी घरात ठेवली तं रोज दिसन मले. तू बी दिसशीन आन् पेटी बी दिसन. तू वावरात जाशीन, कामं करशीन, मले माय म्हनशीन. काई बोलनार नाहीस तू, मले माहीत हाये. पन पेटी पाह्यली का मले समजन, म्या पोराले धरून ठेवलं. त्याच्याहून तू नाही दिसला तं परवडलं."

ती पेटी सावरून पुढं म्हणाली, "मांगं आनाचं नाही, तं फुडंच न्या लागन ना. फुडं माह्यं माहेर हाये. तथून मोटर बी जाते अकोल्याले. झालं."

मी रडलो. लपवत नाही. पंचवीस वर्षांचा घोडा, हातात चपला, चिखलात उभा राहून रडलो. माय म्हणाली, "चाल, दिवस बुडून राह्यला." ती रडली नाही.

शिरपूरच्या वेशीशी पोचलो तेव्हा मंदिराकडे आलेल्या यात्रेकरूंच्या बैलगाड्या सुटत होत्या. मामा ओसरीवर पान लावत बसले होते. बहीण डोक्यावर पेटी घेऊन दारात उभी पाहून त्यांच्या हातातलं पान खाली पडलं. त्यांना वाटलं, घर सोडून आली. मायनं पेटी आत कोनाड्याखाली ठेवली, मान दोन्ही बाजूंना मोडली आणि वहिनीला म्हणाली, "तुह्या घरी सध्या कोनी बाळंत होनार नाही ना?"

दसऱ्यानंतर तारीख आली. मी शिरपूरहूनच निघालो. मोटरपाशी मामा रडले, मामी रडल्या, शिंपीकाका आले होते ते नाक पुसत होते. मायनं माझ्या तळहातावर दही घातलं. मी ते चाटलं आणि हात धोतराला पुसायला गेलो, तर आता अंगात पँट होती. "येतो माय," म्हणालो. तिनं मान हलवली. जा असं ती शेवटपर्यंत तोंडानं म्हणाली नाही. शिरपूरपर्यंत चालून गेली, तेवढंच.

विलायतेतलं इथं सांगत नाही. थंडी होती, माती होती, चटणी पहिल्या दोन महिन्यांत संपली. मायची पत्रं मामा लिहून पाठवायचे. त्यात पाऊस किती झाला, बैल कसा आहे, शिंपिणीची नात चालायला लागली, हे असायचं. माझी आठवण येते असं एकदाही नव्हतं.

तीन वर्षांनी परत आलो तेव्हा अकोल्याहून मोटरनं शिरपूरला उतरलो. मामांच्या दारात आमचा छकडा सुटलेला होता. म्हटलं, सालदार घ्यायला आला. आत गेलो तर माय बसलेली. केस बरेच पांढरे झालेले, हाताची हाडं दिसत होती. मी पाया पडलो. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली, आणि पहिलं काय विचारलं असेल? "पेटी कुठं हाये?"

तीच हिरवी पेटी, रंग उडालेली, जहाजाच्या चिठ्ठ्या चिकटवलेली. सालदारानं ती छकड्यात ठेवली. माय छकड्यात चढली ती पेटीला टेकूनच बसली. वाटभर तिनं पेटीवरचा हात काढला नाही. नाल्यापाशी मी म्हणालो, अथीच पकडलं होतं तुले. ती म्हणाली, "लय चिखल होता." बस, एवढंच.

घरासमोर छकडा थांबला. सालदार पेटीला हात लावायला गेला तशी ती म्हणाली, "राहू दे." पण आता तिच्यानं एकटीनं उचलवेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी एका बाजूची कडी धरली, तिनं दुसरी. दोघांनी मिळून पेटी उंबऱ्याच्या आत ठेवली.

मी विलायती बूट घालून, बगलेत खिसा असलेला तो कोट घालून, माजघरात उभा होतो. पाट मांडला जाईल, तूप येईल, असं मनात होतं. माय पेटीवर बसली. दम खाल्ला. मग पदरानं तोंड पुसत, पूर्वीसारख्याच आवाजात म्हणाली, "असा उभा काय राह्यला? घरात पानी नाही. दोन घागरी आन."

मी घागर उचलली आणि कोटासकट विहिरीवर गेलो.